मंगळवारचा झरा

१० सप्टेंबर, मंगळवार

आज शाळेत पहिला तास घेतला आणि घसा बसला. लग्नात चर्चच्या पायऱ्यांवर शंभर वऱ्हाडी उभे करताना कधी बसला नव्हता, आठ पोरांनी बसवला.

हे सगळं मेत्काचं काम. ती आमच्या शाळेची मुख्याध्यापिका. मी फोटोचं दुकान बंद केल्यापासून मागे लागली होती. "दारिंका, तुझे जुने कॅमेरे धूळ खातायत आणि माझी पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलीत. दर मंगळवारी दुपारी ये. फोटो काढायला शिकव. त्या निमित्ताने रानातला एखादा जीव तरी ओळखायला लागतील."

मी म्हटलं, "अगं, मी जन्मभर नवऱ्या आणि पासपोर्ट केलेत. जनावरांचं मला काय कळतं?"

"बरंच आहे की. जनावरं निदान 'माझी हनुवटी लपवा' म्हणत नाहीत."

मुलांना विचारलं, कशाचा फोटो काढायचाय? मला वाटलं कोल्हा, करकोचा, हरीण म्हणतील. आठही जण ओरडले, "काळी माणूसमासोळी!"

नावात माणूस आणि मासोळी, आणि असते यातलं काहीच नाही. बेडकाच्या गोतातली, वीतभर लांब, काडीसारखे चार पाय, जन्म जमिनीखालच्या काळोख्या पाण्यात. गोरी बऱ्याच ठिकाणी सापडते. काळी मात्र जगात फक्त आमच्या या कोपऱ्यातल्या दोनचार झऱ्यांत. गावात वाइनच्या बाटलीवर ती आहे, अग्निशमन दलाच्या झेंड्यावर आहे. प्रत्यक्षात कुणी पाहिलीय?

"माझ्या आजोबांनी," माक्स म्हणाला. "बादलीतून वर आली. त्यांना वाटलं सैतानाचं बोट. बादलीसकट फेकून दिली."

"बादली परत आणली का?" ब्रिनाने विचारलं.

"आणली. आजीने पाठवलं."

ब्रिना आमच्या शेजारच्या विंकोची मुलगी. विंको म्हणजे सोन्यासारखा माणूस. हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ न सांगता काढतो, सकाळी खिडकीत दूध ठेवून जातो. त्याच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. मान जरा जाड आली होती, ती घरी बसून बारीक केली.

१७ सप्टेंबर, मंगळवार

मुलांना घेऊन गावाखालच्या झऱ्यावर गेले. कडा आहे, कड्याच्या पायाशी काळी फट आहे, तिच्यातून पाणी निघतं आणि पुढे डोह होतो. डोहाकाठी एक सपाट दगड आहे. मी नियम घातला: प्रत्येकाने आधी या दगडावर उभं राहून, याच उंचीवरून, त्या फटीचा एक फोटो काढायचा. दर मंगळवारी. मग हवं ते करा. पासपोर्टचं स्टूल मी जागचं कधी हलवलं नाही. शिस्तीशिवाय हात तयार होत नाही.

माक्स म्हणाला, "बाई, तोच दगड, तेच पाणी. कंटाळा येईल."

"यायलाच हवा," मी म्हटलं. मला हे उत्तर आवडलं. लोइझेला घरी येऊन सांगितलं. तो म्हणाला, "लग्नालाही लागू आहे." आणि सूप प्यायला लागला. असला नवरा.

१ ऑक्टोबर, मंगळवार

मेत्काने गुहांवर काम करणाऱ्या एका संशोधक मुलीला बोलावलं होतं. तिंकारा नाव. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि तशीच वर्गात. मुलांना भारी आवडली.

ती म्हणाली, "काळी माणूसमासोळी दिवसा बाहेर येत नाही. उजेड तिला सोसत नाही. अंधार पडला की फटीच्या तोंडाशी येते, किडे-गांडुळं हुंगत फिरते. कधी काळी दिसलीच, तर फ्लॅश नाही, हात लावणं नाही, आरडाओरडा नाही."

माझा सगळा धंदा उजेडाचा, आणि गिऱ्हाईक असं मिळालं!

मुलांनी तिला प्रश्नांनी घेरलं. ती ऐकते कशी? (सगळ्या अंगाने.) म्हातारी होते का? (फार सावकाश. माणसाएवढी जगते.) न खाता किती दिवस राहते? (दिवस कसले, वर्षं.) मीसुद्धा हात वर केला. मी विचारलं, ती खाली करते काय इतकी वर्षं? तिंकारा हसली. "तेच तर आम्हाला माहीत नाही."

ब्रिनाचा प्रश्न वेगळा होता. "वर कुरणात पडलेलं पाणी खाली झऱ्यात यायला किती वेळ लागतो?"

"आपल्याकडची जमीन म्हणजे चाळण आहे. कुठे वर्ष लागतं, कुठे दोन दिवस. या झऱ्याचं कुणी मोजलेलं नाही."

त्यानंतर ब्रिना खिडकीबाहेर, वरच्या कुरणाकडे बघत बसली. मी तिला लक्ष न दिल्याबद्दल टोकलं. हुशार आहे, पण मन थाऱ्यावर नसतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

ब्रिनाचा झऱ्याचा फोटो चहाच्या रंगाचा आला. माझा जुना कॅमेरा आहे तिच्याकडे, पिवळटपणाकडे झुकतो. मग लक्षात आलं, इतरांचेही थोडेफार तसेच आहेत. ढगाळ दिवशी होतं असं. चला, शिकवायला विषय मिळाला. शाळेच्या संगणकावर सगळ्यांना दाखवलं, पिवळा कसा कमी करायचा, निळा किती घालायचा. दोन मिनिटांत पाणी आरशासारखं. मुलं "वा!" म्हणाली. खरं सांगायचं तर मला ते "वा" हवंच होतं. दुकान गेल्यापासून कुणी म्हटलं नव्हतं.

ब्रिना नाही म्हणाली. तिने विचारलं, "बाई, पिवळा काढला की तो जातो कुठे?"

"कुठे जात नाही. नसतोच तो."

"पण पाणी तसंच होतं."

मी तिला समजावलं की डोळा फसतो, कॅमेरा फसतो, म्हणूनच माणसाला कारागिरी लागते. तिने मान हलवली, आणि आपला फोटो मात्र तसाच ठेवला. हट्टी. बापाची मान घेतलीय तशी बापाचा हट्टही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

फोटो पुन्हा पिवळे. या वेळी माक्सचासुद्धा, आणि त्याचा कॅमेरा चांगला आहे. काळजी वाटते, सगळ्यांच्या भिंगांवर बुरशी तर चढली नसेल? उद्या उघडून बघते.

दोन दिवस कपडे बाहेर वाळत घातले नाहीत. विंको वरच्या कुरणात शेणकाला, म्हणजे गाईंचं पातळ शेण-मूत, टाकतोय, गोठ्याखालची टाकी रिकामी करतोय. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टाकायला बंदी असते, त्याआधी सगळ्यांची घाई. बिचारा पहाटेपासून ट्रॅक्टरवर असतो. नवा गोठा बांधल्यापासून गाई दुप्पट झाल्या, काम चौपट.

२३ ऑक्टोबर

भिंगं स्वच्छ आहेत. कळत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सुट्टी संपली. शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सेंट मार्टिनचा सण, नवी वाइन, भाजलेलं बदक. तिथेच मुलांच्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं ठरलंय. म्हणून आज वर्गात सगळे फोटो जमिनीवर पसरले. कोल्ह्याची पावलं, कोळ्याची जाळी, माक्सने काढलेलं मेत्काचं ओरडतानाचं तोंड (ते बाजूला ठेवलं). दगडावरून काढलेले मी बाद करणार होते, पण ब्रिनाने ते तारखेप्रमाणे एका ओळीत मांडले.

माक्स ओळीवरून चालत गेला. "पाणी. पाणी. फिका चहा. कडक चहा. पाणी. आणि आज पुन्हा कडक."

मुलं हसली. ब्रिना हसली नाही. म्हणाली, "ज्या आठवड्यात आमचा शेणकाल्याचा टँकर वर जातो, त्या मंगळवारी असं असतं. सुट्टीत बाबा आजारी होते, टँकर गेला नाही. मी एकटीच जाऊन फोटो काढला होता. तो बघा, स्वच्छ."

 मी म्हटलं, "पाऊस पडला की माती वाहून येते. कशाला कशाचंही नाव लावू नये." आणि तास लवकर सोडला.

पाऊसच असणार. विंको नियमाने वागणारा माणूस आहे.

७ नोव्हेंबर, गुरुवार

विचार केला. गाव सणाला येणार, पोटभर खाणार-पिणार. तिथे चहाच्या रंगाच्या झऱ्याची रांग कशाला? तारखांची रांग राहू दे, कल्पना चांगली आहे. पण रंग मी घरी बसून सारखे केले. सगळे मंगळवार निळे-हिरवे, झकास. ब्रिनाच्या फोटोंनाही हात लावला, शिक्षकाला तेवढा हक्क असतो. लोइझेला दाखवले.

त्याने चष्मा लावून सगळे बघितले. "सुंदर. कुठला झरा हा?"

९ नोव्हेंबर, शनिवार

प्रदर्शन गाजलं. सगळे आले. वाइन बरी, बदक उत्तम. मी नवा निळा कोट घातला होता.

विंको ओळीसमोर बराच वेळ उभा राहिला आणि मग माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, "दारिंका मावशी, याला म्हणतात पुरावा! लोक उठसूट म्हणतात शेतकरी पाणी नासवतात. बघा म्हणावं. सगळा हंगाम कसा लख्ख!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने माझ्याबरोबर ग्लास वाजवला. मी माझा एका घोटात रिकामा केला, बहुधा तहान लागली होती.

ब्रिना आली, ओळीसमोर उभी राहिली, आणि बदक वाढायच्या आत घरी निघून गेली. तिची आई म्हणाली, पोटात दुखतंय.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मिळाली! मिळाली! 

ब्रिना आज आली नाही. बाकीचे सात घेऊन गेले. माक्स दगडावर चढला आणि कुजबुजला, "बाई, सैतानाचं बोट." भर दुपारी, फटीच्या बाहेर, उथळ पाण्यात, सगळ्यांच्या समोर! काळी, चकचकीत, मानेपाशी कल्ल्यांचे दोन लहान तुरे, टाचणीच्या टोकाएवढे डोळे. मुलं श्वास रोखून होती. फ्लॅश कुणीच वापरला नाही, गरजच पडली नाही. ती जागची हललीही नाही. जन्मभरात इतकं शहाणं गिऱ्हाईक मला मिळालं नाही. सगळ्यांचे फोटो झाले, माझे वीस.

अंगावर पांढुरकं काहीतरी चमकत होतं, बहुधा उजेड. पाणी जरासं गढूळ होतं, ते घरी येऊन साफ केलं आणि तिंकाराला फोटो पाठवला. आता तिच्या फोनची वाट बघतेय. खूश होईल पोरगी.

तोच दिवस, रात्री जेवणानंतर

तिंकाराचा फोन आला. खूश नव्हती.

"दिवसा? किती वाजता? पळाली नाही? हललीच नाही?" आणि मग, "दारिंकाबाई, मला एक कोडं उलगडत नाही. कातडीवर हा थर विषारी पाण्यात येतो. ती बाहेर उजेडात आली ती आतलं पाणी सोसेना म्हणून. पण तुमच्या फोटोत तर पाणी स्वच्छ आहे."

मी म्हणाले, "पाणी मी स्वच्छ केलंय."

तिला कळलं नाही. मला ते पुन्हा, सविस्तर सांगावं लागलं. सांगता सांगता मलाच ऐकू येत गेलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

तिंकारा पहाटेच आली. मासोळी जिवंत होती. थंड पाण्याच्या पेटीत घालून नेली. जाताना मला म्हणाली, "खरे फोटो असतील ना तुमच्याकडे?" होते. मुळातले मी कधी फेकत नाही.

ते सगळे छापले आणि संध्याकाळी विंकोच्या गोठ्यात गेले. दूध काढणं चालू होतं. ब्रिना दारात वासरांना चारा घालत होती. मी फोटो दुधाच्या टाकीच्या झाकणावर तारखेप्रमाणे मांडले.

विंकोने ते पाहिले. आधी नुसते, मग वाकून.

"शनिवारचे कुठले होते?"

"मी रंगवलेले."

"आणि मी सगळ्या गावासमोर..." त्याची मान लाल झाली. मग तो ब्रिनाकडे वळला. "म्हणजे माझी पोर मावशीचा कॅमेरा घेऊन माझ्यावर पाळत ठेवत होती?"

"तिने पाळत नाही ठेवली," मी म्हटलं. "मी सांगितलं तिथे उभी राहिली. बघितलं तिने. मी बघितलं नाही."

"त्या कुरणात माझा बाप शेण टाकायचा, त्याचा बाप टाकायचा!"

"सहा गाईंचं. फावड्याने."

"मग कुठे टाकू, स्वयंपाकघरात? शुक्रवारपासून बंदी आहे, टाकी अर्धी भरलीय. तुम्हा सगळ्यांना झरा सुंदर हवा, काळी मासोळी हवी, आणि सकाळी खिडकीत दूधही हवं!"

त्या सकाळचं दूध मी प्यायलेच होते. 

ब्रिना हातातला चारा तसाच धरून म्हणाली, "बाबा, मला माहीत नाही ते आपल्याच कुरणातून येतं की नाही. पलीकडे पेपेकाकापण टाकतात. मला फक्त कळायला हवंय."

"आपलं नाही," विंको म्हणाला. "वरून खाली पाणी जायला महिने लागतात. टँकर गेल्यावर दोन दिवसांत? अशक्य."

"मग बघूया ना. उरलेलं खालच्या सपाट शेतात टाका. तिथली माती चिकण आहे. मग पाणी खराबच राहिलं तर आपलं नाही."

विंको गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मला वाटलं, आता ओरडेल. तो म्हणाला, "आणि राहिलं तर तू आणि तुझी मावशी, दोघी सगळ्या गावासमोर माझी माफी मागाल."

"मागू," ब्रिना म्हणाली. लगेच.

तिची आई दारातून म्हणाली, "आणि नाही राहिलं तर?"

विंकोने पुढच्या गाईला यंत्र लावलं. यंत्राचा आवाज तेवढा येत होता.

१४ नोव्हेंबर

सकाळी खिडकीत दूध नव्हतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

ब्रिना परत आली. पाणी अजून पिवळसर. मला बरंही वाटलं आणि वाईटही, आणि बरं का वाटलं याची लाज वाटली. विंको झऱ्यावर दिसला, झाडाआड. आम्हाला पाहून झाडाची पानं मोजत असल्यासारखा उभा राहिला. त्या झाडाला आता पानही नाही.

तिंकाराचा निरोप: मासोळीने अजून काही खाल्लेलं नाही, पण त्याचा अर्थ काहीच नाही. वर्षंच्या वर्षं खात नाहीत.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

स्वच्छ. तळातले खडे मोजता येतील इतकं. माक्स म्हणाला, "बाई, रंगवलंत का?" मला ते लागलं. लागायलाच हवं होतं.

विंको या वेळी झाडाआड नव्हता, काठावर होता. पाणी बघून म्हणाला, "पाऊस कुठे पडलाय? पाऊस पडल्याशिवाय खाली उतरणार कसं? हे मोजायचं नाही." आणि मला कबूल करावं लागलं, त्याचं बरोबर होतं. ब्रिनानेही मान हलवली. "हो. पावसाची वाट बघू." दोघं एकाच चालीने वर चढून गेली.

३ डिसेंबर, मंगळवार

शनिवारपासून धो धो पाऊस. आज डोह काठोकाठ. विंको आमच्याआधी पोचला होता, छत्रीशिवाय. मुलांनी एकेक करून दगडावर उभं राहून फोटो काढले. थोडी माती होती, राखाडी. चहा नव्हता. वास नव्हता.

विंकोने ओंजळभर पाणी घेतलं, हुंगलं, सांडलं. पुन्हा घेतलं.

"दोन दिवस," तो म्हणाला. "म्हणजे आमचं टाकलेलं फक्त दोन दिवसांत खाली येतं? कुठून जातं ते? कुरणातल्या त्या खचलेल्या खळग्यातून?" त्याचा स्वर रागाचा नव्हता. वर्गात हात वर करणाऱ्या पोराचा होता. ब्रिना म्हणाली, तिंकारा वसंतात रंग ओतून बघणार आहे, खळग्यात हिरवा रंग टाकायचा आणि खाली वाट बघायची. "मी असेन वर," विंको म्हणाला. "रंग मी ओतेन."

 चालताना त्याने माझी पिशवी घेतली.

४ डिसेंबर

खिडकीत दूध.

१४ डिसेंबर, शनिवार

मेत्काला सांगितलं की हॉलमधले निळे फोटो मी उतरवतेय आणि खरे लावतेय, आणि का ते सगळ्यांसमोर मी सांगणार. ती म्हणाली, "विंकोला विचारलंस?" विचारलं होतं. तो "बघू" म्हणाला होता.

आज दुपारी अग्निशमन दलाची वर्षाची बैठक होती, त्यामुळे गावातले निम्मे पुरुष हॉलमध्ये. मी उभी राहून सांगितलं. थोडक्यातच सांगितलं: रंग मी बदलले होते, मुलांनी नाही. कुणी खोकलं. कुणी बूट घासले. मुलं फोटो लावत गेली, तारखेप्रमाणे. ब्रिनाने प्रत्येकाखाली एक कागदाची पट्टी चिकटवली. तारीख, पाऊस पडला की नाही, आणि "वरच्या कुरणात शेणकाला: दोन टँकर", असं. नाव कुठेच नव्हतं, पण वरचं कुरण कुणाचं हे काय सांगायचं?

विंको मागच्या रांगेतून उठला. खुर्ची पडली. मला वाटलं, गेला. तो ओळीपाशी आला, एकेक पट्टी वाचली, आणि २२ ऑक्टोबरच्या फोटोपाशी थांबला.

"पेन्सिल दे," तो ब्रिनाला म्हणाला.

तिने दिली. त्याने "दोन" खोडलं आणि वर "पाच" लिहिलं. पुढच्या पट्टीवरही काहीतरी दुरुस्त केलं. सगळी बैठक बघत होती.

"अरे विंको," पेपे मागून हसला. त्याची जमीन टेकडीच्या पलीकडच्या उतारावर आहे, गाई विंकोपेक्षा जास्त. "आपलीच चड्डी भर चौकात वाळत घालतोस की काय?"

दोनचार जण हसले. विंको वळला नाही. पट्टी पूर्ण करून त्याने पेन्सिल ब्रिनाच्या हातात परत दिली, आणि मग म्हणाला,

"हस. पण फेब्रुवारीत तुझा टँकर कोणत्या दिवशी निघतो ते आत्ताच सांग. पोरांना तारीख लिहायचीय."

पेपे हसायचा थांबला. ब्रिनाने कोरी पट्टी काढली, भिंतीला टेकवून धरली, आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली.